पकडीखालची रेघ

गुरुवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास माझ्या हाताखाली काहीतरी तुटले, आणि ते मी कुणाला सांगितले नाही. आवाज म्हणावा तर तो धड आवाजही नव्हता. नखाने नख उडवावे तेवढे एक बारीक 'टिक्', तेही कानापेक्षा मनगटाला अधिक कळलेले. त्याच क्षणी रस्त्यावरून एखादा ट्रक गेला असता तर ते मला जाणवलेही नसते, आणि ज्या विश्वासावर मी चौऱ्याहत्तर वर्षे जगले त्याच विश्वासाने पाना खाली ठेवून मी हात पुसले असते. परंतु ट्रक गेला नाही. दुकान रिकामे होते, मिस्त्री रजेवर होता, शटर अर्धे ओढलेले होते, आणि पुढचे चाक काढलेली थोरलीची सायकल स्टँडवर तोंड नसलेल्या जनावरासारखी उभी होती. मी तशीच, पाना हातात धरून, बराच वेळ उभी राहिले. जणू मी हलले नाही तर जे झाले ते झालेच नाही असे ठरणार होते.

थोरली म्हणजे माझी मोठी मुलगी. सत्तेचाळीस वर्षांची आहे, दातांची डॉक्टर आहे, आणि चार वर्षांपूर्वी जावई गेल्यापासून तिने स्वतःला असल्या शर्यतींत लोटून दिले आहे की ज्यांत आधी पोहायचे, मग अंग पुसण्याचीही उसंत न घेता सायकलवर बसायचे आणि सायकलवरून उतरले की धावायचे. मी एकदाच पाहायला गेले होते. पाण्यातून बाहेर आलेली ती बाई माझी मुलगी आहे हे मला तिच्या चालण्यावरून ओळखावे लागले. दुःख माणसाला झोपवते हे मी पाहिले आहे. तिला ते पळवत सुटले. गेल्या वर्षी तिची जागतिक स्पर्धेतली जागा दोन मिनिटे दहा सेकंदांनी हुकली. तिच्या वयाच्या बायकांत पहिल्या तीन घेतात, ही चौथी आली. त्या दोन मिनिटांचा चोर कोण, याचा तिने आणि तिच्या प्रशिक्षकाने वर्षभर तपास केला, आणि शेवटी आरोप वाऱ्यावर ठेवला. पाय बरे आहेत, दम बरा आहे, पण सायकलवर ही फार ताठ बसते आणि नव्वद किलोमीटर वारा छातीवर घेत जाते, असे प्रशिक्षकाने सांगितले म्हणे. ते ऐकून मला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमान वाटला होता. ताठ बसायला तिला मी शिकवले होते.

म्हणून तिने तो नवा हँडल आणला. त्याला हँडल म्हटलेले तिला चालत नाही, कॉकपिट म्हणायचे. पंधरवड्यापूर्वी ती खोके काखेत मारून दुकानात आली आणि माझ्या टेबलावर तिने ते उघडले. आत एक काळी, चपटी, दोन्ही बाजूंना पंखासारखी निमुळती होत गेलेली दांडी होती, तिच्यावर कोपरे टेकायला दोन गाद्या, आणि पुढे आलेले दोन दांडे, ज्यांना धरून स्वार अक्षरशः पाण्यात सूर मारल्यासारखा आडवा होतो. सगळे कार्बनचे. हातात घेतले तर वजनच नाही. ज्या वस्तूला वजन नाही तिच्यावर भरवसा ठेवणे माझ्या पिढीला जड जाते.

"हे विमान कुठून आणलंस?" मी विचारले.

"विमानच आहे. मी गेले हे वाऱ्यालासुद्धा कळायला नको."

"कुणाला न कळता जायची एवढी हौस?"

"तुझ्या घरात वाढले ना, आई." ती हसली, पण खोक्याकडे पाहून हसली. "बसवून दे."

"मिस्त्री बसवेल. त्याला ह्या नव्या मालाची सवय आहे."

"मिस्त्रीकाका नकोत. तुझ्या हातनं हवाय."

ह्या शेवटच्या तीन शब्दांचे वजन मी कुणाला समजावू शकणार नाही. सव्वीस वर्षांत थोरलीने स्वतःची एकही सायकल माझ्या दुकानात आणली नव्हती. पंक्चरसुद्धा ती दुसरीकडे काढून घेत असे, आणि ते दुसरीकडचे लोक मला रस्त्यात भेटले की आपुलकीने सांगत असत. मी 'बरं' म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला असावा, कारण तिने मान वर केली नाही.

माप घेण्यासाठी मी तिला सायकलसकट स्टँडवर बसवले. हे दुकान ह्यांनी सुरू केले. पण माप घेण्याची कला माझी. ह्यांना अर्धांगाचा झटका आल्यानंतर गल्ल्यावर मी बसू लागले, तेव्हा गिऱ्हाइके दारातूनच विचारायची, मालक कुठे आहेत, आणि मी म्हणायची, समोर बसलेत, बोला. वर्षभरात विचारणे थांबले. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याला किती उंच सायकल लागेल, त्याचा कुठला पाय आखूड आहे आणि तो पाठदुखी कुणापासून लपवतो आहे, हे मला कळू लागले होते. तर थोरलीला मी बसवले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, वाक. ती वाकली. आणखी, म्हटले. कोपरे जवळ आली, खांदे आत वळले, डोके दोन बोटे खाली गेले, आणि पातळ सदऱ्यातून तिच्या मणक्याचा एकेक मणी माझ्या तळव्याखाली वर आला. ती लहान असताना तापात पडली की मी असाच हात ठेवत असे. त्यानंतर कधी ठेवला होता ते मला आठवेना. तिने श्वास सोडला. माझा हात तिथे मापाला लागतो त्यापेक्षा अधिक वेळ राहिला, आणि आम्ही दोघींनी तो मापाचाच भाग असल्याचे दाखवले. मग मी ओळंबा सोडला, आकडे लिहून घेतले, आणि म्हटले, "अशी बसलीस तर समोरचं दिसणार काय, फक्त रस्ता." ती खालूनच म्हणाली, "रस्ताच बघायचा असतो, आई. तूच तेवढी येणाजाणाऱ्यांकडे बघत सायकल चालवायचीस."

रजेवर जाताना मिस्त्रीने सगळे मांडून ठेवले होते. पंचवीस वर्षे तो माझ्याकडे आहे आणि मला शिकवायची वेळ आली की त्याची नजर फरशीवर जाते. "बाई, ह्याला ग्रीस लावायचं नाही," तो फरशीला म्हणाला. "कार्बनला ही पेस्ट लावायची, हिच्यात वाळूगत खर असते, तिनं पकड धरते. आणि हा आकड्यांचा पाना. पाच आकडा आला की तो आपोआप कट्‌ वाजतो, तिथं थांबायचं." मी म्हटले, "मी सायकली जुळवायला लागले तेव्हा तू दुधाच्या दातांत होतास." तो म्हणाला, "होय बाई." आणि पेस्टची पुडी, तरीही, त्याने माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी आरशाच्या कडेला खोचली.

ती पुडी मला गुरुवारी दिसत होती. हे मी लपवत नाही. पण लोखंडाच्या कामात पन्नास वर्षे गेली की हात डोक्याला विचारत नाहीत. जिथे धातू धातूला भिडतो तिथे ग्रीस; हे माझ्या बोटांना श्वासासारखे झालेले आहे. आदल्या चार दिवसांत मी त्या नव्या दांडीच्या पोकळीतून ब्रेकच्या नळ्या ओवल्या होत्या, त्या मापाला कापल्या होत्या, गियरच्या तारा बसवल्या होत्या, सगळे देखणे झाले होते. उरले होते ते दांडीचा मधला गोल भाग पकडीत धरून चार बोल्ट आवळणे. मी डबीत बोट घातले आणि त्या गोल भागावर ग्रीसचा हात फिरवला, मायेने, एखाद्याच्या केसांना तेल लावावे तसा. बोल्ट आवळले. आकड्यांचा पाना नव्हे, माझा पाना, ज्याची मूठ माझ्या तळव्याला झिजून बसली आहे. मग दोन्ही पंखांवर भार टाकून पाहिला, तर दांडी पकडीत किंचित फिरली. ग्रीस असल्यावर ती फिरणारच; पण तेव्हा मला वाटले, माझा हात कमजोर झाला. तेवढे मला सहन झाले नाही. मी आणखी पाव फेरा दिला. पुन्हा भार टाकला, पुन्हा ती फिरली. मी आणखी पाव फेरा दिला, दात आवळून, आणि ते झाले.

नंतर मी काय केले तेही सांगते. पकड सोडली, ग्रीस स्पिरिटने पुसून काढले, बोळे कागदात गुंडाळून टोपलीच्या तळाशी टाकले, आरशाच्या कडेची पुडी फोडली, पेस्ट लावली, आकड्यांच्या पान्याने पाचावर आवळले. पाना कटकन बोलला. दांडी आता जागची हलत नव्हती. मिस्त्रीने पाहिले असते तर त्याला कौतुकच वाटले असते. मात्र पकड उघडी असताना, दिव्याखाली, तिच्या डाव्या कडेशी दांडीवर मला एक रेघ दिसली होती. केसाइतकी, बोटाच्या पेरापेक्षा आखूड. कार्बनच्या पृष्ठभागावर विणीच्या रेघा असतातच. ही तशी असेल. नसेलही. नखाने ती लागत होती असे मला वाटले. पुन्हा नख फिरवले तेव्हा लागली नाही.

रेघ. ह्या शब्दापाशी मी आले की माझे मन माझ्या आज्ञेत राहत नाही. थोरली एकवीस वर्षांची होती. तेव्हा ती नुसतीच सायकल चालवायची, आणि वाऱ्यासारखी चालवायची. निवड चाचणी परगावी होती. निवड झाली असती तर दोन वर्षे तिकडेच राहून सराव. ह्यांना झटका येऊन चाळीस दिवस झाले होते. उजवे अंग गेले होते, वाचा गेली होती, ते पलंगावरून माझ्याकडे एका डोळ्याने पाहत आणि त्या डोळ्यात माझ्याविषयी कीव असे, जी मला आयुष्यात कुणाकडूनही नको होती. धाकटा शाळेत होता. रोज संध्याकाळी थोरली दुकानाची झडप लावून घरी येत असे आणि वडिलांना कुशीवर वळवत असे, आणि मला तिच्या पावलांचा आवाज आला की दिवसभर धरलेला श्वास सुटत असे. एवढेच मला तिला सांगायचे होते. राहा, मला भीती वाटते. सात अक्षरांची भीती आणि तिच्याआधी एक क्रियापद. पण माझ्या तोंडाला त्या वाक्याची घडण कधी सवयीची नव्हती. मी हुकूम देऊ शकत होते, आणि हुकूम तिने मोडला असता. म्हणून चाचणीच्या आदल्या सकाळी मी टोच्याने तिच्या सायकलच्या फ्रेमवर, पेडलच्या वरच्या जोडापाशी, एक रेघ ओढली. रंगापुरतीच. त्यात काजळी भरली आणि फडक्याने पुसली. मग तिला हाक मारून दाखवली आणि म्हटले, तडा गेलाय. ही तुला उतारावर मारेल.

तिने वाद घातला नाही. माझा शब्द तिच्या दृष्टीने ओळंब्यासारखा होता. तो लोंबकळला की बाकीचे जग त्याच्या मानाने वाकडे ठरायचे. ती दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी वडिलांना कुशीवर वळवू लागली. पुढे तिने दातांचे शिक्षण घेतले, इथेच, घरून जाऊन येऊन. फ्रेम माळ्यावर गेली. मी ती मोडीत का काढली नाही, ह्याचे उत्तर मला आजही देता येत नाही. कदाचित चांगले लोखंड मोडीत काढणे माझ्या जिवावर आले असेल. नऊ वर्षांनी मिस्त्रीने ती कुणा गिऱ्हाइकासाठी खाली काढली, रंग खरवडला, आणि थोरली नेमकी माझ्यासाठी औषध घेऊन दुकानात आली असताना तो निष्पाप आनंदाने म्हणाला, "बाई, ह्या फ्रेमला तर काहीच झालेलं नाही. नुसता रंगावर ओरखडा होता." मी पावत्या लावत होते, ती लावतच राहिले. थोरली फ्रेमपाशी गेली, वाकली, त्या जागेवरून तिने अंगठा फिरवला, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग मिस्त्रीला विचारले, "रंग कुठला देणार?" तो म्हणाला, ठरलं नाही. ती म्हणाली, "काळा द्या." औषध टेबलावर ठेवून ती गेली. ह्या विषयावर आमच्यात झालेले बोलणे एवढेच. आणि ते माझ्याशी झालेले नव्हते.

शुक्रवारी मिस्त्री रजेवरून आला. मी त्याला काही न सांगता एक नाणे दिले आणि म्हटले, दांडीवर वाजवून बघ, सगळीकडून. कार्बन धड असला की टणक बोलतो, आत फाटला की बद्द बोलतो, हे त्यानेच मला कधीतरी सांगितले होते. तो वाजवत गेला. टक, टक, टक. पकडीच्या डाव्या कडेशी मला आवाज बसल्यासारखा वाटला. "इथं?" मी विचारले. तो पुन्हा वाजवू लागला, कान जवळ नेऊन. "मला सारखाच येतोय, बाई. तुम्हाला वेगळा येतोय का?" मी म्हटले, "मी तुला विचारतेय." तो फरशीकडे पाहू लागला. "पकडीजवळ तसा थोडा बसतोच, पकडीमुळं. पण बाहेरनं ठाम काही सांगता येत नाही. काही झालं का, बाई?" दुकानात कुणीही नव्हते. तो माणूस पंचवीस वर्षे माझ्या मिठाला जागला आहे, आणि त्याला 'माझ्या हातून चूक झाली' असे सांगण्यासाठी मी तोंड उघडले. "काही नाही," मी म्हणाले. "चहा सांग."

त्या दिवशी मला सगळीकडे उतार दिसत होते. शर्यतीच्या मार्गावर एक उतार आहे, थोरलीने मला नकाशावर दाखवला होता, पावणेचार किलोमीटर, खाली डावे वळण. तिथे तासाला साठचा वेग येतो. कोपरे गादीवर, हात पुढे एकमेकांना चिकटलेले, डोके त्यांच्यामध्ये, ब्रेक हातापासून दूर. मी भाजी निवडत होते आणि तो उतार उतरत होते. धाकट्याचा परदेशातून फोन आला, तब्येत कशी आहे म्हणाला, मी म्हटले उत्तम, आणि उतार उतरत होते. दांडी डाव्या बाजूने जाईल. आधी पंख खाली झुकेल, मग कोपराखालची गादी नाहीशी होईल, मग तिचे तोंड. दुसऱ्यांची तोंडे दुरुस्त करण्यात तिचे आयुष्य गेले आहे. आणि ह्या सगळ्याच्या आडून, एखाद्या चोरदाराने यावा तसा, दुसरा विचार येत होता: नसेलच तडा. विणीची रेघ असेल. ती तिसरी येईल, दुसरी येईल, घामेजलेली येऊन माझ्या गळ्यात पडेल, तुझ्या हातनं झालं म्हणेल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला असल्या गोष्टींची एवढी भूक असेल असे मला वाटले नव्हते. मला त्या विचाराची शिसारी आली, आणि तरी भाजी संपेपर्यंत मी त्याला बसू दिले.

शनिवारी सकाळी दहाला ती सायकल न्यायला आली. सायकली आदल्या दिवशीच शर्यतीच्या जागी लावून ठेवायच्या असतात. दुपारी तीनपर्यंत मुदत होती. ती खुशीत होती. दांडीवरून हात फिरवून म्हणाली, "आई, हे तर दागिन्यासारखं बसवलंयस." मिस्त्री कोपऱ्यात चाकाच्या तारा ओढत होता. मी खुर्चीतून उठले. उभ्याने बोलायचे मी ठरवले होते.

"ही सायकल तू नेऊ नकोस. दांडीला पकडीखाली तडा गेलाय."

तिचा हात जिथे होता तिथेच थांबला. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून ती खुशी हळूहळू, घाई न करता, उतरून गेली.

"कुणी पाडला?"

"मी. ग्रीस लावलं. मग दांडी फिरायला लागली म्हणून जास्त आवळलं. गुरुवारी."

"तू ग्रीस लावलंस. कार्बनला." ती थोडे हसली. "आई, अख्ख्या गावाला सांगत असतेस की तुझा हात कधी चुकला नाही. आणि चुकला तो नेमका आज."

"गुरुवारी."

"दाखव."

मी पकड उघडून दाखवली. तिने पर्समधून तिच्या कामाचा छोटा दिवा काढला, डोळे बारीक करून पाहिले, नख फिरवले. मी तिचा चेहरा पाहत होते. दातांतले तडे हुडकण्यात तिच्यासारखी नजर नाही असे लोक म्हणतात.

"ही विणीची रेघ आहे," ती म्हणाली. "उजवीकडेही आहे, बघ. तुला काही दाखवायचं झालं की रेघच लागते का गं?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती ते माझ्याशी बोलली होती. मिस्त्रीचा हात तारांवर थांबला.

"मिस्त्रीकाका, तुम्ही बघितलं हे?"

"बघितलं." तो उभा राहिला. "मला तसं काही लागलं नाही. पण बाई म्हणतायत म्हणजे असेल."

"बाई म्हणतायत म्हणजे असेल," ती म्हणाली. "मीही असंच म्हणायची."

"दुकानातली हवी ती सायकल घे," मी म्हणाले. "जुना हँडल लाव."

"जुन्याला ह्या नळ्या पुरत नाहीत, तूच कापल्यास त्या. नवा यायला आठवडा. आणि आठ महिने ह्या सायकलवर मी अंग वळवलंय." तिचा आवाज चढला नव्हता, तो रुग्णाशी बोलतानाचा होता. "आई, तुला मी शर्यतीला जायला नको आहे का? सरळ सांग. भीती वाटते म्हण. मी ऐकून घेईन. त्यापेक्षा हे वाईट आहे."

आता हे आठवताना मला कळते की तिने माझ्यासमोर दार पूर्ण उघडून धरले होते. मला भीती वाटते म्हणणे त्या क्षणी खरे झाले असते, आणि ती कदाचित थांबलीही असती. पण मला खरे बोलत असल्याचा भयंकर ताठा चढला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी चूक कबूल करत होते आणि ती तशीच्या तशी स्वीकारली जावी असा माझा आग्रह होता. "भीतीचा काय संबंध," मी म्हणाले. "तडा आहे म्हणजे आहे."

ती मान हलवून म्हणाली, "पकड लावून द्या, काका. पाचावर. मी गाडी दारात घेते." आणि बाहेर गेली.

मिस्त्री पाना शोधू लागला. मी भिंतीवरचा हॅक्सॉ काढला. तडा वाचवून, दोन बोटे बाजूने कापायचे, म्हणजे तो तुकडा चिरून तिला आतला थर दाखवता येईल, इतका विचार मी केला होता. तो माझा शेवटचा शहाणा विचार. "बाई, अहो बाई," मिस्त्री म्हणाला, पण त्याने माझा हात धरला नाही, पंचवीस वर्षांत त्याने कधी धरला नव्हता. कार्बन भुसभुशीत कापला जातो. पहिल्याच ओढीला पाते त्या गुळगुळीत वळणावरून घसरले आणि नेमके रेघेवर जाऊन रुतले. तिथून ते काढण्याचे बळ माझ्या मनगटात नव्हते, पुढे ओढण्याचे मात्र होते. काळी पूड माझ्या हातांवर, पायांवर पडत होती. डावा पंख नळीला लोंबकळू लागला तेव्हा मी थांबले. मिस्त्रीने दोन्ही कापलेली तोंडे दिव्याखाली धरली, उलटसुलट केली. "आता काय दिसणार, बाई," तो म्हणाला. "तेवढीच जागा पात्यानं खाल्ली."

थोरली दारात उभी होती. कधीपासून ते मला ठाऊक नाही. तिने लोंबकळणारा पंख पाहिला, माझे हात पाहिले. मग आत येऊन हेल्मेट उचलले, पोहण्याचा चष्मा असलेली पिशवी खांद्याला लावली. "पोहण्याला तुझा हात लागत नाही," ती म्हणाली. गाडी गेल्याचा आवाज मी ऐकला.

रविवारी सकाळी मी खिडकीशी बसून होते. सातला ती पाण्यात असणार. पावणेआठला बाहेर. मग साडेआठ झाले, नऊ झाले, त्या उतारावरून चाळिशीच्या, पन्नाशीच्या कितीतरी बायका डोके खाली घालून वाऱ्याला न कळता गेल्या असतील, आणि त्यांत माझी नव्हती. खालच्या डाव्या वळणावर कुणी पडलेले नव्हते. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. त्याऐवजी मी तो गुरुवारचा क्षण पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहत होते, आणि जितका पाहावा तितका तो झिजत होता. ते माझ्या मनगटात झाले असेल. म्हातारी हाडे वाजतात. बोल्टच्या डोक्याचा रंग उडाला असेल. किंवा तिने परगावी, परदेशी, जागतिक की काय त्या स्पर्धेला जाऊ नये असे माझ्यातल्या कुणाला तरी वाटले असेल, आणि त्या कुणीतरी माझ्या बोटांना ग्रीसच्या डबीत नेले असेल. मी स्वतःला शपथेवर घेतले. साक्षीदार काही केल्या ठाम उत्तर देईना.

अकरा वाजता ती आली. केस अजून ओले होते, दंडावर काळ्या शाईने लिहिलेला तिचा क्रमांक तसाच होता. पाण्यातून ती बायकांत पहिली बाहेर आली होती, हे मला दुपारी मिस्त्रीकडून कळले. तिथून ती सरळ मंडपात गेली आणि तिने क्रमांक परत केला. ती माझ्यासमोर स्टुलावर बसली, लहानपणी शिक्षा संपल्यावर बसायची तशी, हात मांडीखाली घेऊन.

"मी पोहताना एवढाच विचार करत होते," ती म्हणाली. "एकदा विचारते. पुन्हा कधी विचारणार नाही. तू काय सांगशील ते मी धरून चालेन. ती दांडी खरंच तुटली होती?"

तिला उत्तर हवे होते असे नाही. तिला विश्वास ठेवायचा होता. हे मी तिच्या डोळ्यांत पाहिले, आणि माझ्या तोंडात शब्द गोळा होऊ लागले, की बाळ, मला आवाज ऐकू आला असे वाटले, रेघ दिसली असे वाटले, आता मलाच नक्की सांगता येत नाही, मी घाबरले. सगळे तिथे होते. मी पाठ सरळ केली.

"तडा होता," मी म्हणाले.

बोलता बोलताच मला ते ऐकू आले. तोच ठाम सूर, तोच शेवटच्या अक्षरावरचा जोर, ज्याने मी सव्वीस वर्षांपूर्वी फ्रेमवरची रेघ दाखवत तिला हेच सांगितले होते. ह्या गोष्टी सांगायला माझ्याकडे दुसरा आवाज नाही, कधी नव्हता. तिनेही तो ऐकला. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, अजून काही येते का ह्याची वाट पाहत. मग तिने हळूच मान हलवली, उठून माझ्या पेल्यात पाणी ओतले, तो माझ्या हाताशी ठेवला, आणि दंडावरचा क्रमांक ओल्या बोटाने चोळत ती दाराकडे गेली.